या येळंला झोपवू नगा

"सर, ती दुसरी सुई आधीच भरून ठेवायची नाही," मी डॉक्टर ऐनापुरेंना त्या सकाळी दुसऱ्यांदा सांगितलं.

त्यांनी ट्रेमधली सुई उचलून माझ्यासमोर धरली. "ही? अगं, ही माझ्या हाताला चिकटूनच जन्माला आलीय. चाळीस वर्षं झाली, आधी ही भरून बाजूला ठेवतो, मग पहिली देतो. पहिलीनं माणूस वर जातो, हिनं खाली येतो."

"पण आपल्याला त्यांना खाली आणायचंच नाहीये."

"ते मला कळलंय गं, शास्त्रज्ञबाई. हाताला कळायचंय अजून."

असं म्हणून त्यांनी सुई रिकामी केली आणि झोपेच्या औषधाची बाटली तेवढी ट्रेमध्ये राहू दिली. ती अडीअडचणीला जवळ असणं नियमात बसत होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून मिरजेतल्या एका हॉस्पिटलात संशोधन सहायक म्हणून लागले होते. काम असं, की ज्यांच्या नैराश्याला गोळ्या लागू पडत नाहीत अशा रुग्णांना केटामीन अगदी थोड्या मात्रेत, सावकाश, शिरेतून द्यायचं. त्या वेळात त्यांना जे दिसेल ते दिसू द्यायचं, जे बोलावंसं वाटेल ते बोलू द्यायचं. आपण शेजारी बसायचं, हात धरायचा, आकडे बघायचे. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर पटवेगार मॅडम या अभ्यासाच्या प्रमुख होत्या. भूलतज्ज्ञ खोलीत असल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही, ही परवानगीतली पहिली अट. मिरजेत अर्धा दिवस नुसतं बसून राहायला तयार असलेले भूलतज्ज्ञ म्हणजे एकटे ऐनापुरे सर.

सरांचं सगळं आयुष्य नेमकं उलटं काम करण्यात गेलेलं. आमच्या भागातल्या लहान नर्सिंग होमांना स्वतःचा भूल देणारा डॉक्टर परवडत नसे, त्या काळात ते स्कूटरवर पुढे पेटी ठेवून गावोगाव जायचे. सकाळी हर्निया, दुपारी सिझर, संध्याकाळी कुणाचं मोडलेलं हाड. रुग्णाचं तोंड बघायला सवड नसायची. "मी माणसं शिरांवरून ओळखतो," म्हणायचे. पेटीत केटामीन असायचं, कारण त्यानं श्वास बंद पडत नाही, यंत्र नसलं तरी निभावतं. त्याची खोड एकच. भुलेतून बाहेर येताना माणसाला भलभलतं दिसतं, तो ओरडतो, बडबडतो, नातेवाईक घाबरतात. त्यावर उपाय म्हणजे ती दुसरी सुई. बडबड थांबली की सर पेटी उचलून पुढच्या गावाला.

"आणि आता तुम्ही म्हणता, ती बडबडच औषध," ते मॅडमना चिडवायचे. "तिकडं परदेशात तुम्ही त्या भास करणाऱ्या मशरूमनं इलाज करायचं शिकून आलात म्हणे?"

"शिकून आले. तिकडे काही ठिकाणी डॉक्टरला ते देता येतं. इथे माझ्या कपाटात सापडलं, तर कपाटासकट मी आत जाईन."

"आणि हे चालतं?"

"हे चालतं, कारण तुम्ही लोकांनी ते भूल म्हणून इतकी वर्षं वापरलंत."

"चालायचं कसलं! पूर्वी टेबलाच्या खणात लोळत असायचं. मग पोरं पार्ट्यांमध्ये घ्यायला लागली, आणि आता बघावं तर एका कुपीला दोन कुलुपं, चिठ्ठीच्या दोन प्रती. औषध तेच हो. साव होतं, चोर झालं, आता वैद्य होऊ घातलंय."

आमच्या अभ्यासाची परवानगी त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. नवे नियम येणार अशी हवा होती आणि परवानगी वाढवून मिळेल की नाही, ते कुणीच सांगत नव्हतं. ती पुढे मिळाली नाही, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा नुसती धाकधूक होती.

त्या शेवटच्या आठवड्यात त्रिशला मगदूम आल्या.

शिरोळ तालुक्यातल्या. वय सत्तेचाळीस. मुलीचं लग्न झालेलं, ती इचलकरंजीला. नवरा बाबासो, उंच, वाकलेला, बोलायच्या आधी घसा खाकरणारा माणूस. तीन डॉक्टर झाले होते, पाच प्रकारच्या गोळ्या झाल्या होत्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्या जीव द्यायला निघाल्या होत्या आणि शेजारणीच्या लक्षात आलं म्हणून वाचल्या. मी त्यांना विचारलं, "काय वाटतं दिवसभर?" तर म्हणाल्या, "काय न्हाई वाटत. जेवन गिळतो, अंतरून घालतो, काढतो. मी हाय का न्हाई, मलाच कळंना झालंय." आमच्या भागात जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, पुरुषासारखं.

औषध द्यायच्या आदल्या दिवशी सरांनी त्यांची तपासणी केली. ठरलेले प्रश्न. दमा आहे का, दात हलतात का, बीपीची गोळी चालू आहे का. त्या एका शब्दात उत्तर देत होत्या. मग सरांनी वर न बघता विचारलं, "आधी कधी भूल घेतली होती?"

"एकदाच. सिझरला."

"कुठं?"

"जयसिंगपूरला. स्टेशनच्या मागं दवाखाना हुता. आता तिथं पतसंस्था हाय."

"किती वर्षं झाली?"

"एकवीस. पोरगं जगलं असतं तर एकवीस वर्सांचं असतं."

"पाठीत सुई दिली होती की हातात?"

"हातात. रगात लई जात हुतं. पाठीत द्यायला येळ न्हाई म्हनाले."

"भुलेचा काही त्रास?"

बाबासोंनी घसा खाकरला. "भास झालं हुतं तिला," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"ह्यांच्या मतानं भास." त्रिशलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा वर आला. "मी कानानं ऐकलंय. पोरगं रडलं. मी वरडून सांगत हुतो, रडलं, रडलं, माज्याकडं द्या. तवा कुनीतरी बाप्या म्हनला, काय न्हाई बाई, झोप. आनि सगळं काळं झालं. उठलो तर समदी म्हनत्यात, पोटातच गेलं हुतं. रडंल कसं?"

सरांचं पेन थांबलं. मग त्यांनी उरलेले प्रश्न विचारले, नाडी बघितली, शीर बघितली आणि नमस्कार करून बाहेर पडले. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात ते खांबाला टेकून उभे होते.

"तो बाप्या मी."

"तुम्हाला आठवतंय?"

"काहीही आठवत नाही. तेच तर. त्या दवाखान्यात सिझरला दुसरं कुणी जायचंच नाही. आणि 'काही नाही बाई, झोप' हे मी सगळ्यांनाच म्हणायचो."

"पण मूल रडलं असेल का, सर?" मला ते कळायलाच हवं होतं. एखादं गणित अर्धं सोडल्यासारखं वाटत होतं.

"या औषधात कान पूर्ण बंद होत नाहीत. म्हणजे असलेलं ऐकू येऊ शकतं. आणि नसलेलंही ऐकू येतं. मी दोन्ही बघितलंय. या बाईचं कुठलं, ते मी कसं सांगू?" मग म्हणाले, "मी उद्या बसत नाही. दुसरं कुणी बघा."

"दुसरं कुणी नाही, सर. आणि महिना संपतोय."

आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बसायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. तिला सांगा. ती ठरवेल."

सर परत खोलीत गेले, स्टूल ओढून त्रिशलाबाईंच्या समोर बसले आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. त्या वेळी भूल देणारा मीच होतो. झोप म्हणणाराही मीच. तुम्ही ओरडत होतात म्हणून झोपेची सुई दिली, तशी सगळ्यांनाच द्यायचो.

त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं. "तवा तोंड दिसलं न्हवतं."

"मास्क होता."

"मग तुमाला ठावं असंल. रडलं का न्हाई?"

बाबासो उठले आणि पाणी पिऊन येतो म्हणत बाहेर गेले.

"मला आठवत नाही," सर म्हणाले. "रडलं म्हणून सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, ते मला कळतंय. पण मला खरंच आठवत नाही."

मला वाटलं, झालं, या आता घरी जाणार. तशा त्या उठल्याही. पिशवी उचलली, पदर सारखा केला. दाराशी जाऊन म्हणाल्या, "उद्या तुमीच बसा."

"का?"

"तवा झोपवलासा. या येळंला झोपवू नगा. काय बी झालं तरी."

"बरं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीची ती सकाळ, जिथून मी सुरुवात केली. कोपऱ्यातल्या खोलीचे पडदे ओढले होते. त्रिशलाबाई पलंगावर आडव्या झाल्या, मी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. एका बाजूला मी, त्यांचा डावा हात माझ्या हातात. दुसऱ्या बाजूला सर. पायाशी मॅडम. औषध थेंबाथेंबानं सुरू झालं. आमची एक मर्यादा ठरलेली होती. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला, तर औषध थांबवायचं आणि झोपेची सुई द्यायची. ते आकडे बघायचं काम माझं.

सुरुवातीला सगळं शांत होतं. ओठ हलत होते. "पानी," त्या म्हणाल्या. "सगळं पानी... खालनं उजेड." डोळ्यांच्या पट्टीखालून एक ओघळ कानाकडे गेला. मी मनात नोंद करत होते. श्वास नियमित, हात सैल.

मग हात आवळला गेला. इतका, की माझी बोटं एकमेकांवर चढली.

"रडलं!"

तो आवाज त्या खोलीत मावणारा नव्हता. मॅडम पुढे झुकल्या.

"रडलं! रडलं की! ऐकलासा का?"

यंत्रावरचा आकडा एकशे छप्पन्न झाला. मग एकशे अडुसष्ट. त्यांनी डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवायला सुरुवात केली, पायाखालची चादर गोळा झाली. मी तोवर पाच रुग्णांबरोबर बसले होते. कुणी रडलं होतं, कुणी हसलं होतं, एक मास्तर पाढे म्हणाले होते. असं कुणी ओरडलं नव्हतं.

"सर, एकशे पंच्याहत्तर."

"दिसतंय."

"सर, भरू का?"

होय, मीच विचारलं. माझी नजर त्या बाटलीवर होती. मला आकडा दिसत होता आणि एक बाई माझ्या हातात मोडून पडते आहे असं वाटत होतं.

सरांचा उजवा हात गुडघ्यावर उघडत होता, मिटत होता. त्यांनी तो उचलला आणि शाळेत दंगेखोर पोरगं बसतं तसा स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला.

"अजून जागा आहे," ते हळू म्हणाले. "आकडा सोड. तिचा श्वास बघ. चांगला चाललाय." मग ते त्रिशलाबाईंच्या कानाशी वाकले. "मी ऐकतोय, त्रिशलाताई. बोला."

"माज्याकडं द्या."

कुणी काय देणार? मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली, काही करू नकोस. त्रिशलाबाईंनी माझा हात सोडला आणि दोन्ही हात वर केले. सलाइनची नळी ताणली गेली, ती सरांनी डाव्या हातानं सैल केली. ते हात तसेच हवेत होते, तळवे वर करून. एकशे अठ्ठ्याहत्तर. मी बाटलीवरची नजर काढून त्यांचे श्वास मोजू लागले.

"द्या की."

"घ्या," सर म्हणाले.

हे आमच्या शिकवणीत कुठेच नव्हतं. पण हात हळूहळू खाली आले, छातीपाशी आले, एकमेकांत अडकले आणि तिथेच राहिले. त्या अगदी बारीक झुलायला लागल्या. ओरडणं थांबलं. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, मला ते ऐकू आलं नाही आणि मी कान देऊन ऐकायचा प्रयत्नही केला नाही. कधी तरी यंत्राकडे बघितलं, तर आकडा एकशे चाळीस होता.

औषध संपलं. आणखी तासभर आम्ही तसेच बसलो. डोळ्यांवरची पट्टी त्यांनी स्वतः काढली. आधी छताकडे बघितलं, मग सरांकडे.

"झोपवलं न्हाई तुमी."

"नाही."

"तहान लागलीया."

मी पाणी दिलं. मॅडमनी बाबासोंना आत बोलवायला सांगितलं. मला वाटलं होतं, ते खाली कँटीनजवळ असतील. दार उघडलं, तर ते दाराला लागूनच उभे. हातात मोसंब्याची पिशवी. चेहरा असा, की मी बाजूला झाले.

ते पलंगाशेजारी बसले. एक मोसंबं काढून सोलू लागले. साल नीट निघत नव्हती.

"रडलं हुतं," त्रिशलाबाई म्हणाल्या. विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं. कुणाकडे बघून नाही. दूध उतू गेलं हुतं, असं सांगावं तसं.

बाबासोंचे हात थांबले. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"व्हय," ते म्हणाले.

सर उभे होते ते भिंतीला टेकले.

"मी भाईर हुतो," बाबासो म्हणाले. "आज बी, तवा बी. दाराला लागून. रडलं. मी म्हनलं, झालं पोरगं. जरा येळानं नर्सबाई आली, म्हनाली, गेलं. माजी आत्या हुती संगं. आत्या म्हनली, रडलं म्हनून तिला सांगू नगा. रडलं म्हटलं की नाव आलं, सुतक आलं, ही बाई जलमभर तेच ऐकत बसंल. पोटातच गेलं म्हना, चार दिसांत इसरंल. मला बी ते खरं वाटलं. समद्यास्नी तेच सांगितलं. दवाखान्यात बी तेच म्हना म्हनलं." त्यांनी मोसंबं मांडीवर ठेवलं. "तू इसरली न्हाईस."

"आनि मी येडी."

"न्हाई गं."

"एकवीस वर्सं मला येडी केलासा. मुलीसमोर येडी. माज्या आईसमोर येडी. माजी आई मेली ती बी तसंच समजून."

बाबासोंची मान खाली गेली. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सरांनी बसा म्हणून हातानं खूण केली. मी पुन्हा यंत्राकडे बघितलं. काय बघायचं होतं कुणास ठाऊक, ते बंद केलेलं होतं.

त्रिशलाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्या रागानं बघत होत्या, आणि मला आठवतं, आमच्याकडे आल्यापासून त्यांनी कुणाकडे रागानं बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"किती येळ रडलं?" त्यांनी विचारलं.

"दोनदा. बारीक. मांजराच्या पिलागत."

"बारीक न्हवतं."

"अगं, मी कान लावून हुतो दाराला."

"तुमी भाईर हुतासा. मी आत हुतो. मोठ्यानं रडलं."

"दार जाड हुतं. आसंल मोठ्यानं."

"आसंल न्हवं. हुतं."

"हुतं," बाबासो म्हणाले. त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "मोठ्यानं हुतं."

त्रिशलाबाई उशीवर जरा वर सरकल्या. मी आधाराला हात पुढे केला, त्याची त्यांना गरज पडली नाही.

"आवाज कुनावर गेलता?"

बाबासो खरंच आठवू लागले. कपाळाला आठी घालून, मान तिरकी करून, खिडकीकडे बघत. आम्ही तिघं तिथे आहोत हे ती दोघं विसरून गेली होती.

"तुज्यावर," ते म्हणाले.